आमची वाटचाल : घोषणा कापायच्या नाहीत

नाशिकमधलं आमचं दुकान सुरू झालं ते लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी सीडीवर करून देण्यासाठी. त्याच पिशवीतून लोक ऑडिओ कॅसेटीही आणायचे. पंचवटीतलं कीर्तन, गणेशोत्सवातला ढोल, चौकातल्या जयंतीला झालेली भीमगीतं, पेठ-त्र्यंबकच्या पट्ट्यातल्या बोहाड्याचं, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाचं, संबळ. आम्ही तेही लग्नाच्या मापानेच करून द्यायचो. डेकमध्ये घालायचं, खरखर कमी करायची, माईकवरच्या घोषणा कापायच्या, गाणी सुटी करायची, सीडी हातात. गिऱ्हाईक खूश.

त्या सीडी आज परत येतात तेव्हा आम्हालाच ओशाळायला होतं. मंडळाचं नाव, प्रमुख पाहुणे, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, ‘अमुक गल्लीच्या तमुकांकडून अकरा रुपये’ हे सगळं त्या कापलेल्या घोषणांमध्येच होतं. कॅसेटीच्या कागदावर नुसतं ‘जयंती’ लिहिलेलं. ती कुठल्या वर्षाची, हे सांगणारा आवाज आम्हीच फेकून दिला होता. वर त्यातल्या बऱ्याच सीडी आता वाचल्याच जात नाहीत, आणि मूळ कॅसेट मात्र अजून वाजते.

तेव्हापासून दुकानात एक नियम आहे. पहिल्या खटक्यापासून फीत संपेपर्यंत पूर्ण बाजू एकाच फाईलमध्ये घ्यायची आणि त्या फाईलला हात लावायचा नाही. साफसफाई, गाणी सुटी करणं, मोबाईलवर ऐकायची प्रत, हे सगळं तिच्या नकलेवर.

दुसरा बदल झाला तो काय घ्यायचं आणि काय नाही, यात. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या बऱ्याच येतात. पं. द. वि. पलुसकर नाशिकचे, जन्म १९२१ चा, त्यामुळे त्यांच्या तबकड्यांवर इथल्या लोकांचा जीव असणं साहजिक आहे. पण कंपनीने छापलेल्या तबकडीच्या प्रती गावोगावी आहेत. चौकात एका टेपरेकॉर्डरवर उतरलेली फीत मात्र जगात एकच असते. रांगेत ती पुढे. तबकडी घेतलीच तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एलपीची सुई लावायची नाही, ७८ ला साधारण ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते. आणि स्पिरिटने पुसायचं नाही, कारण ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, बास.

आता कॅसेट. आलेली कॅसेट आम्ही लगेच वाजवत नाही. खिडकीतून उजेडात धरून गुंडाळीची कड बघायची. पांढरी जाळी दिसली तर बुरशी. ती कॅसेट वेगळ्या डब्यात जाते, नाहीतर डेकमधून पुढच्या दहा कॅसेटींना लागण होते. मग दाबपट्टीवरचा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का ते पाहायचं. जुन्या कॅसेटीत त्याचा गोंद सुकून तो गळून पडलेला असतो. फेल्ट नसेल तर फीत डेकच्या हेडला, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो आणि दोष मात्र फितीला दिला जातो. ९० मिनिटांच्या कॅसेटीची फीत जेमतेम १२ मायक्रॉन जाड असते, १२० ची ९. या पातळ फिती जोरात रिवाइंड केल्या की ताणल्या जातात किंवा तुटतात. म्हणून आधी एकदा नेहमीच्या वेगाने, आवाज न घेता, शेवटपर्यंत चालवून घ्यायची.

खोकं वाकलं असेल तर फीत दुसऱ्या खोक्यात घालतो. त्यासाठी पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट हाताशी असावी. चिकटवलेलं खोकं सांध्यावर ब्लेड फिरवून उघडावं लागतं. आतले दोन निसरडे कागद, दोन कोपऱ्यांतले रोलर आणि हेडमागचा पत्रा नीट बसला नाही तर कॅसेट किंचाळते. तुटलेली फीत ४५ अंशात कापून, फितीच्या पाठीमागून, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने, जोडपट्टीने जोडायची. घरी लावलेला सेलोटेप हा आमचा सगळ्यात जुना वैरी. त्याचा गोंद पाझरून पुढचा वेढा धरून ठेवतो आणि तिथे मॅग्नेटिक थर सोलून निघतो.

डेकचं हेड आणि रबरी रोलर प्रत्येक बाजूनंतर पुसतो. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबर मात्र त्याने कालांतराने कडक पडतं. तिथे ओलसर फडकं पुरतं. मग हेडचा कल. ज्या रेकॉर्डरवर गाणं भरलं त्याचं हेड थोडं तिरकं असेल तर आपल्या सरळ हेडवर उंच सूर विझतात. हेडशेजारी स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. डावी-उजवी बाजू मोनोत एकत्र करून टाळ-झांजेकडे कान द्यायचा आणि स्क्रू आठवा हिस्सा इकडे, आठवा हिस्सा तिकडे फिरवायचा. टाळांची किनार अचानक धारदार होते, तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटीला वेगळं. खरखर कमी करणारं कुठलंही सॉफ्टवेअर ही गेलेली धार परत देत नाही, म्हणून आमचा बहुतेक वेळ संगणकापेक्षा डेकसमोर जातो.

वेगाचा घोळ वेगळाच. चौकातला रेकॉर्डर बहुधा सेलवर चालायचा. सेल उतरत गेले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते, आणि तीच फीत आपण नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढत जातो. काळी एकमध्ये सुरू झालेलं गाणं बाजू संपताना पांढरी दोनवर गेलेलं असतं. गवय्या चढू शकतो. पेटी चढत नाही. म्हणून पेटीचा षड्ज दर पाच मिनिटांनी मोजायचा आणि त्या उताराने वेग दुरुस्त करायचा. रेकॉर्डर विजेवर असेल तर मागे बारीक गुणगुण सापडते, ५० किंवा १०० हर्ट्झची. ती ५२ वर दिसली तर फीत सुमारे ४ टक्के जलद चालते आहे, म्हणजे सूर जवळजवळ दोन तृतीयांश अर्धसुराने वर. पण त्या काळी विजेची वारंवारताही ५० वर ठाम नसायची, तेव्हा गुणगुणीवर एकटीवर विसंबू नये.

ढोलाचं दुखणं या सगळ्यापलीकडचं. टिपरू पानावर पडतं तो क्षण रेकॉर्डरच्या आपोआप आवाज सांभाळणाऱ्या सर्किटला झेपत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर ताशा दबतो आणि मग हळूहळू वर येतो. काही वेळा ठोकाच फाटलेला असतो. फाटलेला ठोका दुरुस्त होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. आपल्या बाजूने आणखी फाटू नये म्हणून सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या (शून्य ही फाईलची कमाल मर्यादा) वर जाऊ देत नाही. फाईल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. तासाला साधारण २ जीबी. मोनो रेकॉर्डिंगही डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलवर घेतो, कारण फितीची एक कड खराब असली तरी दुसरी वाचलेली असते.

नाशिकच्या पावसाळ्यात खोकी उघडायची कामं आम्ही कमीच घेतो. २००८ आणि २०१९ चा पूर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीने पाहिला तसा गोदाकाठच्या कपाटांनीही. भिजलेली कॅसेट उन्हात टाकायची नाही आणि गाळ फितीवर वाळूही द्यायचा नाही. स्वच्छ थंड पाण्याने धुऊन, शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, मग पंख्याखाली सावलीत. पूर्ण सुकेपर्यंत डेकमध्ये नाही. कोरड्या कॅसेटींच्या डब्यात सिलिका जेलची पुडी असावी, पण निळे दाणे गुलाबी झाल्यावर ती कुणी बदलत नाही, हा अनुभव.

माहितीचं काम आता आवाजाच्या कामाइतकंच लांबतं. कागदावर ‘माघ शु. ५, शके १८९८’ असेल तर सरसकट ७८ मिळवून १९७६ लिहिण्याची चूक होते. पौषाचा उत्तरार्ध, माघ, फाल्गुन इंग्रजी नव्या वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवायचे, ते १९७७. भीमगीतांत शेवटचं कडवं महत्त्वाचं, कारण कवीची नाममुद्रा तिथे असते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी ‘वामन’ या शब्दावरूनच ओळखू येतात. ए बाजू त्या कडव्याआधी संपली असेल तर बी बाजूची सुरुवात ऐकल्याशिवाय ‘कवी अज्ञात’ लिहायचं नाही. फाईलचं नाव म्हणजे नुसता क्रमांक. गायक, वादक, जागा वेगळ्या तक्त्यात. ही माहिती पुढे बदलते, क्रमांक बदलत नाही. आणि ‘अंदाज’ व ‘खात्री’ असे दोन रकाने ठेवले आहेत.

प्रती तीन, त्यातली एक दुकानाबाहेर, आणि सहा महिन्यांनी चेकसम, म्हणजे फाईल बदललेली नाही ना हे सांगणारा आकडा, ताडून पाहायचा. हक्कांबाबत थोडक्यात: प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं, आणि गीत-चालीचा रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणून कॅसेट जपून ठेवणं एक आणि ती इंटरनेटवर टाकणं दुसरं. दुसऱ्यासाठी ज्यांचे हक्क अजून शिल्लक आहेत त्यांची, म्हणजे गायक, रचनाकार किंवा त्यांच्या वारसांची, लेखी परवानगी लागते, कॅसेट स्वतःच्या मालकीची असली तरी.

दर आता कॅसेटीमागे नाही, तासावर आहे. तासाभराच्या कॅसेटीला साफसफाई आणि नोंदी धरून तीन तास जातात. कॅसेट आणताना रिवाइंड करू नका, जिथे थांबली आहे तिथेच राहू द्या; कागद फाटका असला तरी सोबत आणा. आणि त्या कार्यक्रमाला हजर असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना नोंदीच्या दिवशी बरोबर घेऊन या. खुर्ची आणि चहा आमच्याकडे आहे.