वायफाय जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही

गेल्या महिन्याच्या १८ तारखेला सकाळी साताऱ्याहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, लॅपटॉपला वायफाय जोडलेले दिसते आहे, पण एकही साइट उघडत नाही. ह्यांच्या फोनवर मात्र सगळे व्यवस्थित चालू आहे." वहिनी करसल्लागार आहेत आणि २० तारीख ही जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरणपत्र, भरण्याची मुदत असते. कंपन्यांच्या विवरणपत्रांवर डिजिटल सही करावी लागते आणि त्या सहीचे टोकन लॅपटॉपच्या यूएसबीला लावावे लागते, त्यामुळे फोनवर काम भागण्यासारखे नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागलेला नव्हता आणि पीओएनचा, म्हणजे कंपनीशी जोडणी असल्याचा, हिरवा दिवा स्थिर होता, म्हणजे घरापर्यंत येणारी तार शाबूत होती. मग मी वहिनींना त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडायला सांगितले. जीएसटीचे पोर्टल लगेच उघडले. या एका चाचणीने लॅपटॉपचे वायफाय कार्ड, विंडोज, अँटिव्हायरस आणि ब्राउझर या सगळ्यांवरचा संशय बराचसा दूर झाला. म्हणूनच कोणतीही सेटिंग बदलण्याआधी ती करावी, असे मला मनापासून वाटते. तातडीची विवरणपत्रे वहिनींनी हॉटस्पॉटवरच भरायला घेतली आणि आमच्या हाती शांतपणे शोध घेण्यापुरता वेळ आला.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राने तोपर्यंत दोनदा राउटर बंद करून चालू करायला लावला होता आणि नंतर लॅपटॉपवर 'नेटवर्क रीसेट' करण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला वहिनींनी पाळला नाही, हे बरे झाले. रीसेट केल्यावर साठवलेली वायफायची नावे आणि पासवर्ड पुसले जातात, आणि दोष लॅपटॉपात नसेल तर हाती काहीच लागत नाही. राउटर पुन्हा चालू केल्यावर उलट वरच्या मजल्यावरचा पुतण्याचा टॅबही बंद पडला. आता दोन यंत्रे बिघडली असे घरच्यांना वाटले. मला मात्र तो महत्त्वाचा धागा वाटला, कारण काही वेळापूर्वी चांगले चालणारे यंत्र पुन्हा जोडले जाताच अडत असेल, तर गडबड जोडले जाण्याच्या क्षणी होत असली पाहिजे.

त्या क्षणी काय घडते, हे थोडे सविस्तर सांगतो. वायफायचा पासवर्ड बरोबर असला की लॅपटॉप त्या जाळ्यात शिरतो, पण तेवढ्याने त्याला इंटरनेट मिळत नाही. त्याला आधी एक आयपी पत्ता, म्हणजे त्या जाळ्यातला स्वतःचा क्रमांक, लागतो आणि बाहेर जाण्याचे दार, म्हणजे गेटवे, कोणते हे कळावे लागते. ही माहिती देण्याची डीएचसीपी नावाची पद्धत १९९७ साली ठरलेल्या मसुद्यानुसार आजही चालते. लॅपटॉप जाळ्यातल्या सगळ्यांना उद्देशून विचारतो की पत्ता देणारे कोणी आहे का. जो देणारा असेल तो एक पत्ता देऊ करतो. लॅपटॉप तो मागून घेतो आणि देणारा त्याला दुजोरा देतो. पत्ता देणारे दोघे असतील तर बहुतेक यंत्रे ज्याचे उत्तर आधी येईल त्याचाच पत्ता घेतात. देणारा खरा की चुकीचा, हे ओळखण्याचे साधन घरगुती जाळ्यात लॅपटॉपकडे नसते.

हॉटस्पॉट सोडून लॅपटॉप पुन्हा घरच्या वायफायला जोडला आणि वहिनींना काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिगची आज्ञा 'ऑल' या जोडशब्दासह द्यायला सांगितली. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर त्याचा अर्थ कोणीच पत्ता दिला नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेतला, असा झाला असता. तसे नव्हते. हिशेबाच्या वहीतल्या रकमा वाचाव्यात तशा वहिनी एकेक आकडा वाचत होत्या: पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१. मग त्यांनी दादाच्या फोनमधल्या वायफायच्या तपशिलातला गेटवे पाहिला आणि माझ्या आधी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, इथे शून्याच्या जागी एक आहे."

फोनला १९२.१६८.१.१ ने पत्ता दिला होता आणि लॅपटॉपला दुसऱ्याच कोणीतरी. घरात पत्ते वाटणारी दोन यंत्रे होती.

दुसरे यंत्र कोणते, हे दादाला विचारताच उलगडले. वरच्या खोलीत रेंज कमी येते म्हणून त्याने दोन आठवड्यांपूर्वी कपाटातला जुना राउटर काढून तिथे लावला होता. वायफायचे नाव आणि पासवर्ड त्याने मुद्दाम तेच ठेवले होते आणि खालच्या राउटरकडून आलेली केबल त्याच्या लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रे जोडण्याच्या, खाचेत खोचली होती. ही जोडणी बरोबरच आहे. फक्त जुन्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे राहून गेले होते. मग दोन आठवडे सगळे सुरळीत कसे चालले? लॅपटॉपकडे खालच्या नव्या राउटरने आधी ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता होता आणि मुदतीत तोच वाढवून मिळत होता. वहिनी दोन दिवस अशिलाच्या कचेरीत लॅपटॉप घेऊन गेल्या, तेवढ्यात ती मुदत संपली आणि परत आल्यावर वरच्या खोलीत लॅपटॉपने नव्याने पत्ता मागितला. जवळच्या जुन्या राउटरचे उत्तर आधी आले आणि त्याने बाहेर जाण्याचे दार म्हणून स्वतःचाच पत्ता दिला. त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट येण्याच्या, खाचेत तर काहीच नव्हते. लॅपटॉप त्या दारातून बाहेर पडू पाहत होता आणि पलीकडे रस्ताच नव्हता.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. लॅपटॉपला जुन्याच राउटरचा पत्ता मिळाला असल्यामुळे ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकताच त्याचे पान उघडले. तिथे वहिनींनी आधी डीएचसीपी सर्व्हर बंद केला आणि मग त्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. नवा राउटर १०० पासून पुढचे पत्ते वाटतो, हे आम्ही त्याआधी तपासून घेतले होते, नाहीतर तोच पत्ता एखाद्या फोनला मिळून नवी अडचण उभी राहिली असती. जुना राउटर पुन्हा सुरू झाल्यावर लॅपटॉप आणि टॅब यांचे वायफाय एकदा बंद करून चालू केले. वहिनींनी परत आकडे वाचले: गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हरही तोच. पोर्टल उघडले, टोकनची सही चालली आणि उरलेली विवरणपत्रे संध्याकाळपर्यंत भरून झाली.

गणपतीत मी साताऱ्याला गेलो तेव्हा वरच्या खोलीतल्या राउटरवर वहिनींच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली दिसली: '१९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, केबल लॅनमध्येच.'