जबाब घेता आला नाही

मागच्या आठवड्यातली केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. बालकल्याण समितीपुढे, म्हणजे हरवलेल्या-निराधार मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, ऐकू न येणारं मूल आलं की आम्हाला फोन येतो, 'मॅडम जरा येऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे'. या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता, जंक्शनवर रेल्वे पोलिसांना सापडलेला. सोल्युशन ओढायचा, म्हणजे पंक्चर काढायला वापरतात तेच, फडक्यावर ओतायचं आणि फडकं तोंडाशी धरून ओढत बसायचं. नाकाभोवती आणि ओठांच्या कडेला पुरळ, बोटांवर वाळलेला पिवळा थर, तो नखाने काढून काढून कातडं सोललेलं. घशातून आवाज काढत होता तर बाहेरचा शिपाई म्हणे अजून नशेत आहे. अहो नशेत नाही, तो बोलतोय, जन्मापासून न ऐकलेलं मूल असाच आवाज काढतं!

फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं: 'बालक मूकबधिर असल्याने जबाब घेता आला नाही.' चौकशी तिथेच संपलेली.

लोकांना वाटतं बहिरं मूल म्हटलं की त्याला साइन, म्हणजे खुणांची भाषा, येतच असणार. हा कधी शाळेत गेलेलाच नाही, त्याच्याकडे फक्त घरात आपोआप तयार झालेल्या खुणा, त्याही आई आणि बहिणीला कळतील एवढ्याच. अशा मुलाला 'का' आणि 'कधी' विचारता येत नाही. मी शाळेतून चित्रं नेली होती, घर, गाडी, भाकरी, पोलीस, पण तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होता, प्रत्येक गोष्टीला हो. ही 'हो' फार फसवी असते, आणि जबाब घेणारे तीच लिहून मोकळे होतात.

म्हणून मी आमच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावलं. तो स्वतः कर्णबधिर, प्रिंटिंग प्रेसमध्ये कामाला आहे. समितीतले एक सदस्य म्हणाले, 'मॅडम, त्यालाच ऐकू येत नाही, तो काय दुभाषाचं काम करणार?' पण हीच तर पद्धत आहे. मराठीतला प्रश्न मी साइनमध्ये त्याला सांगायचा, तो अंगाने, चेहऱ्याने, नक्कल करून पोराला विचारणार, आणि उत्तर तसंच उलट माझ्यापर्यंत येणार. आयुष्यभर ऐकणाऱ्यांना खुणेने समजावत आलेल्या माणसाच्या हातात जे असतं ते मला बी.एड. करून आलेलं नाही, हे मी अभिमानानेच सांगते, आमच्या शाळेचा आहे तो.

पोरगा खुर्चीतून उठला. खांद्यावर घडी घातलेलं फडकं ठेवलं, वाकून काहीतरी जड उचललं, तोल सांभाळत चालला, हळूच खाली टेकवलं, वर मोठं पान पसरलं. परत तेच. मग कागदावर मालगाडीचा डबा काढला आणि आत लोंबणारे घड. केळी! रावेर-सावदा पट्ट्यातला असणार, तिथून केळीचे डबे दिल्लीकडे जातात. ज्याचं गाव कळत नाही म्हणून फाइल अडलेली, त्याचा तालुका असा निघाला, आणि सगळे एकदम खुर्च्या पुढे ओढून बसले.

पुढचं ऐकवत नाही. घरात मार, गाडी, स्टेशन, भूक. पोटावर हात, मग फडकं तोंडाला, मग पोटावर हात ठेवून 'गेली'. स्टेशनवरच्या पोरांनी त्याला आपल्यात घेतलं कारण तिथे एक फडकं फिरतं आणि बोलावं लागत नाही. घरी, गावात, कुठेच त्याला कोणी असं मांडीला मांडी लावून बसवून घेतलं नव्हतं. आणि मग त्याने दुकान दाखवलं. नोट, ट्यूब, दुकानदार ओठांवर बोट ठेवतो. माल आणायला पोरं यालाच पाठवायची, पकडला गेला तरी नाव सांगू शकत नाही म्हणून.

सोल्युशन अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाही. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या ७७ कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे; सोल्युशन देणाऱ्याला ते लागतं की नाही, हे चौकशी झाली तरच ठरणार. 'जबाब घेता आला नाही' या एका ओळीने तो दुकानदार सुटला होता.

एम्सचा देशभरातल्या व्यसनांचा सर्व्हे आला २०१९ मध्ये. हुंगून करायची नशा हा एकच प्रकार असा निघाला ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे, १.१७ टक्के आणि ०.५८ टक्के. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पण बहिरेपण आणि व्यसन हे दोन्ही एकाच पोरात असेल तर पाठवायचं कुठे? व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला, ते म्हणाले अठराच्या खालचे घेत नाही, आणि आमच्याकडे सगळी ट्रीटमेंट बोलण्यावर, ग्रुपमध्ये हा काय करणार. कर्णबधिरांच्या वसतिगृहाने सांगितलं व्यसनी मुलगा नको, बाकीची बिघडतील. दोघांचंही म्हणणं मला पटत नाही, भीतीपोटी दिलेली उत्तरं आहेत ही. दिव्यांग प्रमाणपत्रही नाही कारण त्यासाठी श्रवण तपासणी हवी, आधी आधार हवं, आणि आधारसाठी नाव तरी कळायला हवं ना.

शेवटी बालगृहात पाठवलं. आदेशात 'समुपदेशन करावे' असं लिहिलंय, तिथे खुणा येणारं कोणी नाही.

दुकानदाराबद्दलचा जबाब मी त्याच दिवशी लिहून दिला, तर आता पोलीस म्हणतात दुभाषाकडे सर्टिफिकेट पाहिजे. माझी सही चालेल म्हणे, आमच्या माजी विद्यार्थ्याची नाही. पोरगा बोलला त्याच्याशी आणि सही माझी! नियमांत दुभाषा आणि विशेष शिक्षक घ्यायची तरतूद आहे, मानधनही आहे. शनिवारी पुढची तारीख आहे, तो प्रेसमध्ये रजा टाकून येणार, बिनपगारी. मी अर्ज लिहून ठेवलाय: दुभाषा म्हणून त्याचं नाव रेकॉर्डवर घ्या, दोन्ही दिवसांचं मानधन द्या आणि जबाबाखाली त्याची सही चालेल असं लेखी द्या. पोराला आत बोलवायच्या आधी हा अर्ज वाचला गेला पाहिजे.