नदी नसलेल्या शहरातले अठरा पूल

"अगं, पूल आहे तर नदी कुठाय?" स्पेनमधल्या वालेन्सियात पोचल्यावर आईचा पहिला प्रश्न हा. आम्ही जुन्या गावात शिरायला म्हणून एका दगडी पुलावर उभ्या, खाली वाकून बघतोय तर पाण्याच्या जागी संत्र्याची झाडं, सायकलवाले, फुटबॉल खेळणारी पोरं आणि एक आजोबा कुत्र्याला घेऊन बाकावर निवांत बसलेले. मला कामासाठी बार्सिलोनाला जायचं होतं, आई सोबत आली होती, काम संपल्यावर हातात चार दिवस मोकळे होते म्हणून ट्रेनने तीनेक तासांवरचं वालेन्सिया ठरवलं. माद्रिद सगळेच करतात.

तर नदीचं असं झालं. तुरिया नदी या गावाला वळसा घालून समुद्राकडे जायची, आणि १४ ऑक्टोबर १९५७ ला तिला एवढा पूर आला की अर्धं शहर पाण्याखाली गेलं, ऐंशीच्या वर माणसं गेली. आई म्हणाली, आपल्या पानशेतच्या आधी चार वर्षं. (आई पुण्यातली, १२ जुलै १९६१ चा विषय निघाला की आमच्या घरात अजून आवाज खाली येतो.) त्यानंतर सरकारने काय करावं, तर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली! नवीन पात्र खणलं, बारा किलोमीटरच्या आसपास, आणि जुनं पात्र कोरडं पडलं. आता एवढी मोकळी जागा दिसल्यावर तिथून हायवे न्यायचा प्लॅन झालाच, सगळीकडे सारखीच डोकी. पण लोक अडून बसले, पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं पाहिजे अशी घोषणाच होती सत्तरच्या दशकात, आणि शेवटी १९८६ पासून तिथे बाग व्हायला लागली. आज ती नऊएक किलोमीटर लांब आहे. मुठेच्या पात्रातला रस्ता आठवून मी गप्प बसले.

चालायला सुरुवात सेरानोसच्या दरवाजापासून करा. १३९२ ते १३९८ मध्ये बांधलेला, दोन जाडजूड बुरूज, समोरून एकदम किल्ला आणि मागून बघितलं तर उघडाच, नाटकाचा सेट मागून दिसतो ना तसा. गावाची तटबंदी १८६५ मध्ये पाडली, पण हा वाचला कारण आत तुरुंग होता, सरदार-दरकदार लोकांचा. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदच्या प्रादो म्युझियममधली चित्रं इथे आणून ठेवली होती म्हणे. वर चढून गेलं की एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला नदीची हिरवी पट्टी. दुसरा दरवाजा क्वार्तचा, पंधराव्या शतकातला, त्याच्या भिंतीवर १८०८ मध्ये फ्रेंचांच्या तोफांनी पाडलेले खड्डे अजून तसेच ठेवलेत, बुजवले नाहीत हे मला फार आवडलं.

पण या ट्रिपमध्ये आईला सगळ्यात काय आवडलं असेल तर कोर्ट. खरंच. कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला पाण्याचं कोर्ट भरतं. आठ कालवे, प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकेक माणूस, काळे झगे घालून लाकडी खुर्च्यांवर गोलात बसतात. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी आणि तेही वालेन्सियन भाषेत. शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो, कोणाची तक्रार आहे का, की शेजाऱ्याने पाळी मोडून पाणी घेतलं वगैरे. आम्ही गेलो त्या दिवशी एकही तक्रार नव्हती, आठ नावं पुकारली आणि पाच-सात मिनिटांत खेळ खलास, टुरिस्ट लोकांचे मोबाईल वर धरलेले तसेच राहिले. माझा जरा पोपट झाला. आई मात्र खूश! तिचं आजोळ साक्रीकडचं, तिथे पांझरेवर फड पद्धतीने पाणी द्यायचे, बंधारा, पाट, आणि पाणी सोडायला पाटकरी, शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "तक्रार नाही म्हणजे पाटकरी चांगला आहे." युनेस्कोने २००९ मध्ये या कोर्टाला वारसा यादीत घेतलं, त्यांच्या कागदपत्रांपेक्षा हे एक वाक्य जास्त समजावून जातं असं मला वाटलं.

कॅथेड्रलच्याच बाजूला मिगेलेते नावाचा घंटेचा मनोरा, २०७ पायऱ्या, गोल गोल अरुंद जिना, गुडघे धड असतील तरच जा. आई खाली ओरचाता पीत बसली. हे इथलं पेय, चुफा नावाच्या कंदाचं, आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातला, भिजवून वाटून साखर घालून गार करतात, दिसतं दुधासारखं पण दूध नसतं. सोबत फार्तोन नावाचा लांबुळका गोड पाव बुडवून खायचा. मला पहिल्या घोटाला ओल्या मातीची चव लागली, तिसऱ्या ग्लासापर्यंत व्यसन.

रविवारी लोन्हा बघितली, त्या दिवशी तिकीट नव्हतं. रेशमाचा बाजार भरायचा ती इमारत, १४८२ ला काम सुरू झालं. आतल्या मोठ्या दालनात खांब असे पिळलेत की ओला पंचा पिळून उभा केलाय, आणि ते वर जाऊन माडाच्या झावळ्यांसारखे छतात पसरतात. मी तिथे अर्धा तास मान वर करून उभी होते, फोटोत ते येतच नाही, सांगून ठेवते. भिंतीवर वरच्या पट्टीत लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा मतलब असा की जो व्यापारात फसवणार नाही आणि व्याज खाणार नाही तो श्रीमंतही होईल आणि स्वर्गातही जाईल. आई म्हणाली, मार्केट यार्डात लावा. समोरच १९२८ चं सेंट्रल मार्केट आहे पण ते रविवारी बंद असतं, हे आम्हाला दारात गेल्यावर कळलं, तेव्हा तुम्ही शनिवारीच जा.

बागेकडे परत. एका दिवसात सगळी होत नाही, आम्ही रोज संध्याकाळी तुकडा तुकडा केला. त्रिनिदादचा पूल सगळ्यात जुना, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याच्या कमानीखालून चालताना एकदम लक्षात येतं की आपण नदीच्या तळातून चालतोय आणि डोक्याच्या वर दहा बारा फुटांपर्यंत एकेकाळी पाणी असेल. पुढे गेलं की गलिव्हर आडवा पडलाय, सत्तर मीटर लांब, त्याच्या कोटाच्या घड्या म्हणजे घसरगुंड्या आणि शेकडो पोरं त्याच्या अंगावर मुंग्यांसारखी, फुकट. समुद्राच्या टोकाला कालात्रावा या वास्तुकाराच्या त्या पांढऱ्या सांगाड्यासारख्या इमारती, सगळ्या पोस्टकार्डांवर त्याच असतात, बाहेरून एक चक्कर मारली, बास. त्यापेक्षा युनिव्हर्सिटीचं बोटॅनिकल गार्डन बघा, १८०२ पासून आहे त्याच जागेवर, तिकीट अगदी थोडं आणि मांजरं भरपूर.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला तिकडे परत प्रचंड पाऊस झाला आणि जुनं शहर वाचलं, नव्या पात्राने पाणी सामावून घेतलं, पण त्या पात्राच्या पलीकडची पायपोर्ता, कातारोखा ही गावं ओढ्याच्या पाण्यात बुडाली, दोनशेच्या वर माणसं गेली. बागेत बसून हे वाचताना बाग तेवढीच सुंदर दिसत होती आणि तरी काहीतरी खटकत होतं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

जाणाऱ्यांसाठी: पाएया, म्हणजे इथला कढईतला भात, दुपारीच खा, रात्री मागणारे टुरिस्ट म्हणून ओळखले जातात. शाकाहारीसाठी भाज्यांची मिळते, बहुतेक ठिकाणी कमीत कमी दोघांची ऑर्डर लागते. बुडाला लागलेली खरवड, तिला सोकारात म्हणतात, तीच मोठ्या मानाची, ती आईने एकटीने संपवली. संध्याकाळी सातला जेवायला जाऊ नका, कोणी दार उघडत नाही, आम्ही पहिल्या दिवशी तासभर केळी खात फिरलो.

शेवटच्या रात्री आई मावशीला फोनवर सांगत होती, "नदी नाही गं, पण पूल अठरा आहेत म्हणतात. मी चौदा मोजले, पुढे पाय दुखायला लागले."