तळघरातले पाणी

विंचेस्टर, बुधवार, ५ फेब्रुवारी

लेकीच्या शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडमधल्या या गावात येऊन मला तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत इथल्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, माझे चार वेळा जाणे झाले होते. परंतु तळघर पाहण्याचा योग आज आला. हिवाळ्यात जमिनीखालचे पाणी वर चढते आणि तळघर भरते, त्यामुळे आत उतरता येत नाही. प्रवेशाशी असलेल्या ओट्यावरूनच पाहावे लागते. ठेंगण्या, जाडजूड कमानी आणि त्यांच्याखाली फरशीऐवजी पाणी, इतके निश्चल की प्रत्येक कमान प्रतिबिंबाशी मिळून पूर्ण वर्तुळ झालेली दिसत होती.

त्या पाण्यात एक माणूस एकटा उभा आहे. अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने स्वतःच्या देहाचा साचा घेऊन घडवलेली ही शिशाची मूर्ती १९८६ सालची आहे. मान खाली घालून तो ओंजळीतल्या पाण्याकडे पाहतो. आपल्याकडे नदीत उभे राहून अर्घ्य देणारा माणूस ओंजळ सूर्याकडे उचलतो. याने ती छातीशी धरली आहे. मी बराच वेळ तिथून हलले नाही. मागे थांबलेल्या लोकांनीही मला घाई केली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

बिशप वॉकेलिन यांनी १०७९ साली या कॅथीड्रलचे बांधकाम सुरू केले, ते इचेन नदीच्या खोऱ्यातल्या पाणथळ जमिनीवर. पुढे तेराव्या शतकात पूर्वेकडची बाजू वाढवली, तेव्हा खाली कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीचा थर होता. त्यावर बीच वृक्षाचे ओंडके आडवे पसरून वर भिंती चढवल्या गेल्या. सातशे वर्षे त्या ओंडक्यांनी भार सोसला. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र पूर्वेकडच्या भिंती कलल्या, त्यांना मोठमोठे तडे गेले आणि इमारत कोसळेल अशी भीती निर्माण झाली. वास्तुविशारद थॉमस जॅक्सन आणि अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांच्यापुढची अडचण विलक्षण होती. पाया बळकट करायचा तर भिंतींखाली चर खणून मऊ थराखालच्या खडीपर्यंत पोहोचायला हवे. परंतु चर खणताच त्यात पाणी भरे, आणि ते पंपाने उपसावे तर पाण्याबरोबर भिंतीखालची बारीक मातीही निघून येण्याचा धोका. म्हणून पाणी न उपसताच काम करायचे ठरले आणि विल्यम वॉकर या पाणबुड्याला बोलावण्यात आले.

१९०६ ते १९११ या काळात हा माणूस रोज सुमारे सहा तास त्या चरांमध्ये उतरत होता. पाणी सहा मीटरपर्यंत खोल आणि इतके गढूळ की उजेडाचा उपयोग नाही. जे करायचे ते हातांनी चाचपून. तळाशी काँक्रीटच्या गोणी एकीला एक लावून ठेवायच्या, खालून येणारे पाणी असे बंद करायचे. मग चर उपसला की गवंडी उतरून विटा आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांनी तो भरत. या कामात सुमारे २५,००० गोणी, १,१५,००० ठोकळे आणि ९,००,००० विटा लागल्या, असे इथे सांगतात. पोशाख इतका जड आणि चढवायला इतका वेळखाऊ की जेवणाच्या सुट्टीत वॉकर केवळ शिरस्त्राण उतरवून बसत असे. १५ जुलै १९१२ रोजी आभाराची प्रार्थना झाली, तिला राजा पाचवा जॉर्ज उपस्थित होता. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१८ च्या फ्लूच्या साथीत वॉकर गेला. कॅथीड्रलमध्ये त्याचा लहानसा पुतळा आहे. त्याच्याकरिता केलेल्या पहिल्या पुतळ्याला चुकून अभियंता फॉक्स यांचा चेहरा दिला गेला होता. ती चूक २००१ साली नव्या पुतळ्याने दुरुस्त झाली. हे वाचून मला वाईट वाटले. ज्याने पाच वर्षे अंधारात काम केले, त्याचा चेहरा तरी लोकांना नीट ठाऊक असायला हवा होता.

आभाराकरिता १५ जुलै निवडला, कारण तो संत स्विदन यांचा दिवस. नवव्या शतकातल्या या बिशपांनी आपल्याला बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले आणि पावसाचे थेंब पडतील अशा जागी पुरावे, असे सांगितले होते अशी कथा आहे. ९७१ साली याच दिवशी त्यांचे अवशेष आत हलवले गेले. आणि या दिवशी पाऊस आला तर पुढचे चाळीस दिवस येतो, असे इंग्लंडमध्ये अजून म्हणतात. मृगाच्या पावसावर वर्षाचे आडाखे बांधणाऱ्या घरातून मी आले आहे, त्यामुळे मला हे अगदी ओळखीचे वाटले.

वर आल्यावर पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर बसले. १६४२ साली राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात संसदेच्या सैनिकांनी तिच्या काचा फोडल्या. गावकऱ्यांनी तुकडे गोळा केले, आणि १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर ते पुन्हा बसवले गेले; परंतु मूळ चित्रे जुळवणे शक्य नव्हते, म्हणून तुकडे जसे हाती आले तसे लावले. एखादा चेहरा, एखाद्या झग्याची घडी, एवढे ओळखू येते. बाकी सारा रंग. नव्या काचा घालून चित्रे पुन्हा उभी केली नाहीत, हे फार बरे झाले असे मला वाटते. उत्तरेकडच्या बाजूला कादंबरीकार जेन ऑस्टेनची समाधी आहे. तिथे आज शाळेतली मुले होती, म्हणून लगेच पुढे झाले.

दुपारी नदीकाठाने सेंट क्रॉसच्या आश्रमापर्यंत चालत गेले. इचेनचे पाणी खडूच्या खडकांतून पाझरून येते, म्हणून ते इतके नितळ आहे की तळाच्या हिरव्या शेवाळाचा एकेक धागा प्रवाहाबरोबर हलताना दिसतो. कुरणे मात्र आज जागोजागी पाण्याखाली होती आणि त्यांत हंस पोहत होते. १८१९ च्या सप्टेंबरात कवी कीट्स याच कुरणांतून फिरून परतला आणि त्याने शरदावरची आपली कविता लिहिली. आज ती कुरणे करडी होती, आणि तरी सुंदर होती.

सेंट क्रॉसचा आश्रम बाराव्या शतकात बिशप हेन्री ऑफ ब्लॉय यांनी तेरा गरीब माणसांच्या निवासाकरिता आणि रोज शंभर जणांच्या जेवणाकरिता स्थापला. आजही तिथे काळ्या आणि लाल झग्यांतले वृद्ध राहतात, आणि द्वाराशी मागणाऱ्या कोणत्याही वाटसरूला पाव आणि बिअर दिली जाते. मागायला मला संकोच वाटला, कारण मी काही उपाशी नव्हते. तरी मागितले. द्वारपालाने काही न विचारता पावाचा लहान तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात घोटभर बिअर पुढे केली. बिअर मी घेत नाही, म्हणून पेला नम्रपणे परत केला. पाव तिथेच, कमानीखाली उभी राहून खाल्ला. परत निघेपर्यंत पावसाचे थेंब सुरू झाले होते.