मे महिन्यात काय पाहू? छोट्या सिरीज पाहा

मे लागला की नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि मग व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू, काय पाहू सांग ना बे. माझं उत्तर ठरलेलं आहे, आठ-आठ सीझनवाल्या सिरीजच्या मागे लागू नका, चार-पाच भागांत संपणारी घ्या. लांबलेल्या सिरीजमध्ये माणसं तीच, भांडणं तीच, आणि आपण नुसतं सवयीनं पाहून राहिलो असतो. छोटीत सीन वाया घालवायला जागाच नसते.

सगळ्यात आधी 'द रेल्वे मेन'. नेटफ्लिक्सवर 2023 ला आली, चारच भाग. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून गॅस सुटला, हे शाळेत एका ओळीत वाचून आपण पुढे गेलो, ही सिरीज तीच रात्र रेल्वे स्टेशनवरून दाखवते. आपल्याला भोपाळ काही परकं नाही, दिल्लीची गाडी पकडली की इटारसीनंतर भोपाळच, त्या प्लॅटफॉर्मवर उतरून चहा प्यायलेली माणसं आहोत आपण, म्हणून तिथे लोक धडाधड पडताना पाहवत नाही. के के मेननचा स्टेशन मास्तर भाषण देत नाही, फक्त समोरचं काम करत राहतो, आणि तेच आत जाऊन बसतं. सिरीजमधली पात्रं रचलेली आहेत पण त्यामागे खरी माणसं आहेत. भोपाळ स्टेशनचे डेप्युटी सुपरिटेंडंट गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधीच सोडायला लावली, स्वतः मात्र स्टेशनवरच थांबले आणि पुढे त्या गॅसचा त्रास सोसत जगले. हे नाव आपल्या पोरांना माहीत असायला पाहिजे, असं मला फार वाटतं.

एवढं जड पाहिल्यावर 'गुल्लक' लावा, सोनी लिव्हवर. मिश्रा कुटुंब, बाप वीज खात्यात, दोन पोरं, आणि गोष्ट सांगते ती घरातली मातीची गुल्लक. पहिल्या सीझनचे पाचच भाग आहेत. आई झालीये आपली गीतांजली कुलकर्णी, तिचा चिडचिडा आवाज ऐकला की वाटतं बाजूच्या घरातूनच येऊन राहिला. आई-बाबांसोबत बसून पाहता येते, रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. 'पंचायत' सगळ्यांनी पाहिलेलीच असते, म्हणून तिच्याबद्दल एवढंच की तिचं फुलेरा गाव गोष्टीत उत्तर प्रदेशात असलं तरी शूटिंग भोपाळजवळच्या सिहोर जिल्ह्यात झालंय.

खून, पोलीस, तपास असलं आवडत असेल तर 'कोहरा', तीही 2023 ची आणि नेटफ्लिक्सवरच, पहिला सीझन सहा भागांचा. लग्नासाठी परदेशातून आलेला पोरगा पंजाबात शेतात मेलेला सापडतो, पण खुनी कोण यापेक्षा घराघरात बाप-लेकांचं काय बिघडलंय तेच जास्त उघडं पडत जातं. सुविंदर विकीचा थकलेला पोलीसवाला तर बघतच राहावा. पंजाबीतच पाहा, सबटायटल लावून, हिंदी डबिंगमध्ये अर्धी मजा जाते, आणि घरी लहान पोरं असतील तर ती झोपल्यावर लावा.