वाळ्याच्या ताटीआडचं ऑर्किड

गुडइयेरा रेपेन्स हे थंड मुलखातलं ऑर्किड नागपुरात जगेल का, हा प्रश्न परत आलाच. नाही जगणार. स्कॉटलंड-नॉर्वेपासून सायबेरियापर्यंत आणि इकडे हिमालयात, सूचिपर्णी झाडांच्या सावलीत शेवाळातून सरपटत वाढणारी ही जात. बर्फाखालीसुद्धा पानं हिरवी. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५च्या पुढे.

एसीने गारवा देता येईल एक वेळ, पण तिची बुरशी कुठून आणणार? ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत शिदोरी जवळजवळ नसतेच. रुजायला बुरशीची साथ लागते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९मध्ये दाखवलं. गुडइयेराचा व्यवहार तर दोन्हीकडून चालतो: २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिरवं झाडच बुरशीला कार्बन पुरवताना आढळलं. जंगलातून उपटलेलं रोप कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

म्हणून माझ्याकडे आहे तिची उष्ण मुलखातली चुलत बहीण, लुडिसिया डिस्कलर. तीही पानांसाठीच पाळायची: काळपट किरमिजी पान, त्यावर तांबूस शिरा. रात्री टॉर्च तिरपा धरला की पान बारीक चकाकतं. फोटोत ते येत नाही, कितीही खटपट करा.

उन्हाळा कूलरच्या खोलीत निघाला. कुंडी थेट झोतात नाही, खिडकीशी, पडद्याआड. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओलसर हवा तिला मानवते. मिश्रणात नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडा कुजलेला पालापाचोळा. बागेतली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. कुंडी पसरट घेतली, कारण खोड आडवं पडून पुढे सरकतं.

मेच्या शेवटी आडव्या खोडाच्या एका पेरातून मूळ फुटलं. जाडसर, टोकाशी फिकट, अंगभर पांढरी लव. ते मिश्रणाला टेकेपर्यंत पेराखाली ओलं शेवाळ ठेवलं. आता त्या पेराच्या मागे कापून वेगळं रोप करता येईल.

खरी धास्ती उन्हाळ्याची नाही, जुलैची. कूलर बंद, हवा कोंदट, आणि खोड बुडाशी मऊ पडायला लागतं. त्यामुळे पाणी तोडणार, छोटा पंखा दिवसभर सुरू ठेवणार. कलम पंखा बसल्यावरच. डिसेंबरात रात्री १० अंशांवर आल्या की कुंडी आतल्या खोलीत. फुलांचा दांडा आला तर साधारण त्याच सुमारास यावा. पांढरी फुलं, मधे पिवळा ठिपका. मला मात्र पानंच जास्त आवडतात.