दीड वाजताची ओळ

पुण्याच्या पेठांमधील रस्त्यांचे आराखडे करताना व्यापाऱ्यांबरोबरची पहिली बैठक कशी होणार, हे मला आता पाठ झाले आहे. चहा येतो, टेबलावर नकाशा उलगडला जातो, आणि पदपथ रुंद करायचा तर दुकानांसमोरची गाड्यांची रांग काढावी लागेल, हे माझे वाक्य पुरे होण्याच्या आत कोणीतरी म्हणते, "मॅडम, गिऱ्हाईक गाडीवरून येतं. गाडी लावायला जागा नसेल, तर ते मॉलमध्ये जाईल." या वाक्याला माझ्याकडे बरीच वर्षे पुस्तकी उत्तरे होती आणि ती कोणालाही पटत नसत.

फेब्रुवारी २०२२ मधील तो दिवस म्हणूनच लक्षात राहिला. त्याच्या दोनच महिने आधी, ११ डिसेंबर २०२१ रोजी, महापालिकेने पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकापर्यंतचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवला होता. रस्त्याच्या मधोमध निवांत चालणारी माणसे पाहून आम्हा नियोजनकारांना भरून आले होते. व्यापाऱ्यांचे मत वेगळे होते. एक दिवसाची जत्रा आणि रोजचा धंदा यांत फरक असतो, असे ते म्हणत, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्यामुळे रोजच्या धंद्याच्या दिवशी, लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका आडव्या रस्त्यावर, उभ्या गाड्यांची पाहणी करायचे आम्ही ठरवले.

ही पाहणी दिसायला फार सामान्य असते. वास्तुकलेच्या दोन विद्यार्थिनी दर अर्ध्या तासाने रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कागदावर उतरवतात. एका वेळेची एक ओळ. दोन ओळींत तोच क्रमांक आला, तर ती गाडी तेवढा वेळ हललेली नाही. तारखेप्रमाणे बाजू बदलणारे पी-१, पी-२ चे फलक त्या रस्त्यावर असल्याने त्या दिवशी गाड्या एकाच बाजूला होत्या आणि काम सोपे होते. बसायला जागा मिळाली ती एका अस्तर, लेस आणि बटणांच्या जुन्या दुकानाच्या पायरीवर. दुकानाचे मालक सत्तरीचे, आम्ही त्यांना काका म्हणत होतो. बैठकीत गिऱ्हाईक गाडीवरून येते असे सर्वांत ठासून सांगणारे तेच होते, पण "बसा, उन्हात कुठे उभ्या राहता" असे म्हणून पायरीही त्यांनीच दिली.

सकाळभर त्यांच्या दुकानात ब्लाऊजपीस हातात धरून बायका येत होत्या. रंग जुळतो का हे पाहायला कापड उजेडात न्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक जण दाराबाहेर येई, समोरच्या स्कूटर्समधल्या वीतभर फटीत उभी राहून कापड उन्हात धरी आणि पदर हँडलमध्ये अडकला की सोडवून परत आत जाई. आडव्या लावलेल्या दुचाक्यांची एक रांग साधारण दोन मीटर जागा खाते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. म्हणजे आम्ही मागत असलेला पदपथ त्या रांगेखालीच पडलेला होता.

एक वाजल्यापासून शटर खाली यायला लागली. पुण्यातील दुकानांच्या दुपारच्या झोपेवर सगळ्यांचे विनोद करून झाले आहेत, त्यात मी भर घालत नाही. काका मागच्या वाड्यात जेवायला गेले, नोकरमंडळींनी अर्ध्या शटरच्या आत डबे उघडले, आणि रस्त्यावर एक कुत्रे व आम्ही तिघी उरलो. दीडची फेरी करून आलेली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ही ओळ लिहायची तरी का? साडेबाराच्या ओळीसारखीच आहे."

मी कागद हातात घेतला. साडेबाराला ३१ दुचाक्या होत्या आणि दीडला २९. दुकाने बंद, गिऱ्हाईक शून्य, तरी रांग जागच्या जागी. दीडची ओळ वरच्या ओळींशी लावून पाहिली, तर तिच्यातील बहुतेक आकडे सकाळी साडेदहाच्याच ओळीत भेटले. इतकी वर्षे पेठांत काम करूनही, गिऱ्हाईक नसतानाच्या वेळेची मोजणी हेच उत्तर आहे, हे मला सुचले नव्हते. आम्ही नेहमी संध्याकाळच्या गर्दीत मोजत आलो होतो.

चारला काका परतले, तेव्हा मी काही न बोलता कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्याच रकान्यावर बोट ठेवले. "ही माझी." मग एकेका आकड्यावर बोट सरकत गेले. ही शेजारच्या घड्याळवाल्याची, ही आमच्या पोराची, या दोन वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या सरांच्या. सातव्या-आठव्या आकड्यानंतर ते थांबले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

विजयाचा आनंद मात्र फार टिकला नाही. काउंटरमागची सेल्सगर्ल हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, मी धायरीहून येते. रात्री साडेनऊला दुकान बंद झाल्यावर बसची वाट बघत बसू का? गाडी लावायची कुठे, ते आधी सांगा." माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मंडईजवळ हुतात्मा बाबू गेनू आणि मिसाळ असे दोन मोठे वाहनतळ आहेत, पण दिवसाचे दहा-अकरा तास पैसे भरून गाडी लावणे तिच्या पगारात बसणारे नव्हते. मंडईचे मेट्रो स्थानक २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाले, म्हणजे तेव्हा तेही नव्हते, आणि आजही शहराच्या टोकाला असलेल्या धायरीहून येणाऱ्याला त्याचा उपयोग स्वारगेटपासून पुढे एका स्थानकापुरताच होतो. आमच्या अहवालात नोकरवर्गासाठी सवलतीच्या मासिक पासाची शिफारस आली, ती तिच्या त्या प्रश्नामुळे. तोपर्यंत आमच्या नकाशात गिऱ्हाईक होते, पादचारी होता, मालवाहू टेम्पोही होता. दुकानात काम करणारा माणूस नव्हता.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. त्यांनी आपली गाडी वाड्याच्या बोळात लावून पाहिली होती, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाच मिनिटांत घड्याळवाल्याच्या भाच्याची गाडी येऊन उभी राहिली होती. "एकट्यादुकट्याचं काम नाही हे," असे म्हणून त्यांनी त्या कागदाची एक प्रत मागितली.

पुढच्या बैठकीत आम्ही बदललेला आराखडा नेला: एका बाजूला सलग पदपथ, दुसऱ्या बाजूला अर्ध्या तासापुरती गाडी लावण्याची सोय, आणि मालाची चढउतार सकाळी दहाच्या आत. चहा आला, नकाशा उलगडला गेला, आणि मागच्या रांगेतून आवाज आला की गिऱ्हाईक गाडीवरून येते. मी तोंड उघडण्यापूर्वीच काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, वळून मागे पाहिले आणि विचारले, "कुठलं? दुपारी दीडचं?"